चुन्याची बादली आणि आपल्या पुरवणीतली चूक

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या विद्यार्थी पुरवणीत पदार्थांमधल्या ऊर्जेवर अर्धं पान मजकूर होता. चित्रं झकास होती, भाषा मुलांना कळेल अशी होती. पण मधल्या चौकटीत ठळक अक्षरांत एक वाक्य छापलं होतं: ‘रासायनिक बंध तुटले की त्यांत साठवलेली ऊर्जा बाहेर पडते.’ माझी नात दहावीत आहे. तिने ते वाक्य हिरव्या पेनाने अधोरेखित केलं, कात्रण कापलं आणि वहीत चिकटवलं. (बंध म्हणजे अणूंना एकमेकांशी धरून ठेवणारी पकड.) ते वाक्य चूक आहे. थोडंथोडकं नाही, पार उलटं आहे. म्हणून हे पत्र.

आधी माझी लायकी सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी शिक्षक नाही, प्राध्यापक तर नाहीच. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं करून ठेवणं, आम्लाच्या कपाटाची किल्ली सांभाळणं आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी चाळीस पोरांच्या हातांवर नजर ठेवणं, एवढंच माझं काम. समीकरणं मला शिकवायची नव्हती. पण कोणतं भांडं हाताला चटका देतं आणि कोणतं गारठतं, हे मला पुस्तक न उघडता माहीत होतं. त्यामागचं कारण मात्र आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी मला शिकवलं. मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता. त्या आता नाहीत. असत्या तर हे पत्र त्यांनीच लिहिलं असतं आणि माझ्यापेक्षा पुष्कळ छोटं लिहिलं असतं.

तर झालं असं, की दरवर्षी मार्चअखेर आम्ही गच्चीला चुना मारतो. वरचा मजला, सिमेंटचा स्लॅब आणि नागपूरचा मे महिना. ज्यांनी भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको. या वर्षी माणूस मिळेना, म्हणून मीच पाच किलो कळीचा चुना आणला. जुना लोखंडी ड्रम बुडाशी सडला होता, तेव्हा सूनबाईची नवी प्लास्टिकची बादली उचलली. ३१ वर्षं मुलांना ‘भांडं बघून घ्या रे’ असं बजावणाऱ्या माणसाने हे केलं, याची नोंद घ्यावी.

पाणी घातल्यावर मिनिटभर काहीच झालं नाही. मग कळीच्या दगडांना तडे गेले, फसफस सुरू झाली, वाफ निघाली आणि बघता बघता बादलीतलं सगळं रटरटायला लागलं. बादलीला पोट सुटलं. कडी एका बाजूने निसटली. नात धावत वर आली, तिने दुरूनच हात धरून धग घेतली आणि विचारलं, “आबा, याच्याखाली गॅस कुठे आहे?”

तुमच्या अर्ध्या पानापेक्षा हा प्रश्न मोठा आहे, साहेब.

गॅस नव्हता, चूल नव्हती, ऊनही अजून पुरतं चढलं नव्हतं. तरी पाच किलो कळीतून निघालेली उष्णता, ती सगळी पकडता आली असती तर, वीस लिटर पाणी तीस अंशांवरून जवळजवळ उकळीपर्यंत न्यायला पुरली असती. विजेच्या भाषेत दीड युनिटापेक्षा थोडी जास्तच. हे आलं कुठून? पाण्यातून? पाणी तर माठातलंच. कळीत विस्तव लपला होता? आपल्या पुरवणीप्रमाणे बघितलं तर कुठलासा बंध तुटला आणि त्यातली ऊर्जा सांडली.

खरी गोष्ट भट्टीपासून सुरू होते. चुनखडी भट्टीत घालतात, नऊशे अंशांच्या आसपास तापवतात. तिथे दगडातून कार्बन डायऑक्साइड सुटा होऊन उडून जातो आणि कळी मागे राहते. १०० ग्रॅम चुनखडी घेतली तर ४४ ग्रॅम वायू जातो, ५६ ग्रॅम कळी उरते. आणि एवढं करायला १७८ किलोज्यूल (हे ऊर्जा मोजायचं माप) उष्णता द्यावी लागते. द्यावी लागते, मिळत नाही. दगडातली पकड सोडवण्याची ती किंमत आहे. भट्टीवाल्याने कोळसा जाळून ती मोजलेली असते आणि तुमच्याआमच्याकडून चुन्याच्या भावात वसूल केलेली असते.

आता ती ५६ ग्रॅम कळी आपण पाण्यात टाकतो. कळी आणि पाणी एकमेकांना धरतात, विरलेला चुना बनतो आणि ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. माझी बादली त्यातच गेली. मग तो चुना गच्चीवर किंवा भिंतीवर बसतो आणि हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. पुन्हा चुनखडी होते. म्हणूनच चुना वाळल्यावर नुसता सुकत नाही, घट्ट होतो. या दुसऱ्या टप्प्यात ११३ किलोज्यूल बाहेर पडतात. ते हाताला कळत नाहीत, कारण सगळं हप्त्याहप्त्याने, कित्येक दिवसांत चालतं. आता ६५ आणि ११३ यांची बेरीज करा. १७८. भट्टीत घातले तेवढेच, एक किलोज्यूल इकडे नाही की तिकडे नाही.

मॅडमनी ही बेरीज मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा माझ्या हातातली पोळी तशीच राहिली होती. वाटेने कितीही वळणं घ्या, निघालात तिथे परत आलात की ऊर्जेचा हिशेब शून्य. हेस नावाच्या शास्त्रज्ञाने १८४० साली, तिकडे रशियात सेंट पीटर्सबर्गला, हा नियम मांडला. अकरावी-बारावीची पोरं तो घोकतात. गच्चीवरचा चुना म्हणजे तोच, हे त्यांना कुणी सांगत नाही.

नातीचं यावर समाधान झालं नाही. ती म्हणाली, “पण आबा, पेपरात तर लिहिलंय की तुटल्यावर ऊर्जा येते. क्लासमध्येही सर तेच म्हणून राहिले.” कोणता क्लास ते मी लिहीत नाही. फी मात्र भरभक्कम आहे.

मग मी मॅडमचीच युक्ती काढली. त्यांच्या टेबलाच्या खणात दोन चुंबकं असायची. फ्रिजच्या दारावरची दोन मी काढली आणि नातीला म्हटलं, यांना ओढून वेगळं कर. जोर लागला. मग म्हटलं, आता जवळ आण आणि सोड. टक्! तो ‘टक्’ कुठून आला? आवाज म्हणजेही ऊर्जाच. चिकटताना ती बाहेर पडली आणि सोडवताना तुझ्या दंडातून गेली. अणूंचंही तसंच. बंध तोडायचा तर ऊर्जा घालावी लागते, नेहमीच, याला अपवाद नाही. बंध जुळताना ऊर्जा सुटते. प्रत्येक अभिक्रियेत जुने बंध तुटतात आणि नवे जुळतात. तुटण्याचा खर्च कमी आणि जुळण्याची जमा जास्त असली की भांडं तापतं, ती उष्मादायी अभिक्रिया. खर्च जास्त आणि जमा कमी असली की भांडं गार होतं, ती उष्माग्राही. दहावीच्या पुस्तकात हे दोन्ही शब्द आहेत. पण तापणं आणि गारठणं कशामुळे, तिथे गडबड होते आणि तिथेच आपल्या चौकटीने भर घातली.

मॅडम फळ्यावर किराणा दुकानाच्या खातेवहीसारखे दोन रकाने आखायच्या. डावीकडे खर्च, उजवीकडे जमा. हायड्रोजन जळून पाणी होतं त्याचा हिशेब त्या असा मांडायच्या: दोन मोल हायड्रोजनचे बंध तोडायला ४३६ दुणे ८७२, एक मोल ऑक्सिजनचे तोडायला ४९८, एकूण खर्च १३७० किलोज्यूल. (मोल म्हणजे मोजायचं गठ्ठ्याचं माप, डझनासारखं, फक्त फार फार मोठं.) मग पाण्याच्या वाफेचे चार मोल बंध जुळतात, प्रत्येकी सरासरी ४६३, एकूण जमा १८५२. शिल्लक ४८२. तीच ज्योत होऊन दिसते. फळ्यावरचा हा हिशेब पाहून एकदा मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं होतं, “मॅडम, म्हणजे हायड्रोजन नफ्यात आहे.” वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, हसू नका, याला पूर्ण गुण.

आणखी एक सोपी खूण. बंध तुटून ऊर्जा मिळाली असती, तर गॅसच्या शेगडीला लायटर कशाला लागला असता? नळीतून गॅस येतो, खोलीत हवा आहे, दोघं शेजारी शेजारी फिरतात आणि काही होत नाही. कारण सुरुवातीला थोडे बंध सैल करायचा खर्च कुणीतरी करावा लागतो. लायटरची ठिणगी तो पहिला हप्ता भरते. एकदा ज्योत पेटली की पुढचे हप्ते तिच्या शिलकीतून भागतात. कोराडीच्या वीज केंद्रातल्या कोळशाचंही हेच. ‘कोळशात ऊर्जा आहे’ असं आपण सरसकट बोलतो, मीही बोलतो, पण नुसत्या कोळशात काही नसतं. कोळसा आणि हवेतला ऑक्सिजन यांची जोडी जमते तेव्हा ऊर्जा मिळते. उमरेड, कामठीकडच्या खाणींत काम केलेल्यांना विचारा, कोळशाचा ढीग नुसता पडून राहिला तरी आतून धुमसायला लागतो. हवा आत शिरते, हळूहळू जोडी जमत जाते, उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. काडी कुणी लावलेली नसते.

जीवशास्त्राच्या एका सरांशी यावरून आमचा कायमचा वाद होता. ते म्हणायचे, पेशीतल्या एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बंध तुटला की ऊर्जा मिळते, आमच्या पुस्तकात छापलंय. मॅडम म्हणायच्या, तुटतो हे खरं, पण त्याच वेळी पाण्याशी नवे, अधिक घट्ट बंध जुळतात, शिल्लक त्यातून येते. तुम्ही अर्धीच खातेवही वाचता. हा वाद दोघांच्या निवृत्तीपर्यंत चालला. चहा मात्र एकाच किटलीतला.

आपल्या मजकुरासोबत फटाक्याचं चित्र होतं, म्हणून स्फोटकांबद्दलही लिहितो. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, आणि स्फोटकांचे कारखाने शहराभोवती आहेत. निदान इथल्या वर्तमानपत्राने तरी ही चूक करू नये. स्फोटकात बहुतेक वेळा नायट्रोजनचे अणू असतात, दुसऱ्या अणूंशी सैलसर बांधलेले. स्फोटात ते तिथून सुटतात, खर्च थोडाच होतो, आणि आपसांत तिहेरी बंध जुळवून नायट्रोजन वायू होतात. हा बंध इतका पक्का, की एक मोल तोडायला ९४५ किलोज्यूल लागतात. म्हणजे जुळताना तेवढेच मिळतात. धडाका तिथून येतो, आणि एका क्षणात तयार झालेल्या तापलेल्या वायूंच्या रेट्यातून. ज्या हवेत आपण श्वास घेतो तिच्यात अठ्ठ्याहत्तर टक्के हाच गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा नायट्रोजन असतो. तो तसा स्वस्थ आहे, कारण त्याचा बंध तोडणं महाग पडतं.

आता गार बाजू. तिच्यावर आपल्या पानात एकच ओळ होती, म्हणून मी जरा पसरतो.

माझा धाकटा भाऊ काटोलला संत्र्याची बाग करतो. फवारणीसाठी बादलीत युरिया कालवला की बादलीला बाहेरून घाम फुटतो. पहिल्यांदा त्याने फोन केला होता, “दादा, हे तर फ्रिजातून काढल्यासारखं होऊन राहिलं, माल नकली तर नाही?” नकली नव्हता. युरियाचे खडे फोडून पाण्यात पसरवायला जी ऊर्जा लागते ती पाण्यातूनच घेतली जाते. कल्हईवाल्याकडचा नवसागर पाण्यात टाका, तेच होतं. ग्लुकोजची पूड जिभेवर ठेवा, गार लागते. हे विरघळणं आहे, अभिक्रिया नव्हे, अशी हरकत एखादे शिक्षक घेतील आणि ती बरोबर आहे. मग खऱ्या अभिक्रियेसाठी घरचंच घ्या: ग्लासभर पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवा आणि खाण्याचा सोडा घाला. फेस येईल आणि ग्लास गार होईल. आम्ही थर्मामीटर लावून दाखवायचो, पारा खाली सरकताना बघून पोरं पुढे झेपावायची.

अमोनियम नायट्रेट तर मजेशीर. पाण्यात टाकलं तर ८० ग्रॅम विरघळताना सुमारे २६ किलोज्यूल शोषतं, हात बधिर करतं. आणि हेच रसायन खाणीत सुरुंगासाठी वापरतात. एकच पदार्थ, गार पण आणि जाळ पण. कोणते बंध तुटतात आणि कोणते नवे जुळतात, त्यावर सगळं. २०१२ साली त्याच्यासाठी वेगळे नियम आले, आता ते सहज मिळत नाही आणि ते योग्यच आहे. शाळेला नवसागर पुरतो.

एका डिसेंबरात मॅडमनी बेरियम हायड्रॉक्साइड मागवलं होतं. ते विषारी, म्हणून पोरांना हात लावू दिला नाही. एक लाकडी फळी ओली केली, तिच्यावर चंचुपात्र ठेवलं आणि त्यात ते नवसागरासोबत काचेच्या कांडीने ढवळलं. दोन्ही कोरड्या पांढऱ्या पुडी. ढवळता ढवळता त्यांचा लगदा झाला, अमोनियाचा भपकारा आला, खिडक्या उघडाव्या लागल्या. थर्मामीटरवरच्या खुणा उणे दहापर्यंतच होत्या, पारा त्याच्या खाली गेला. मग मॅडमनी चंचुपात्र उचललं तर खालची फळीही उचलली गेली. मधलं पाणी गोठून दोघांना चिकटवून बसलं होतं. त्या बॅचमधला एक मुलगा आज मला बर्डीवर भेटतो आणि हायड्रॉक्साइड वगैरे त्याला काही आठवत नाही, पण “सर, ती फळी!” एवढं म्हणतोच.

नातीने इथे मला अडवलं. म्हणाली, खर्चाचा धंदा स्वतःहून कोण करेल? ऊर्जा जातच असेल तर अभिक्रिया आपोआप होतेच कशी? प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर असं, की निसर्ग नुसता ऊर्जेचा नफा बघत नाही, पसरायला वाव मिळतोय का हेही बघतो. सोड्याच्या खड्यात रांगेत बसलेले कण वायू होऊन मोकाट सुटतात, त्या मोकळिकीसाठी थोडा तोटा सोसला जातो. आपला डेझर्ट कूलर याच तत्त्वावर चालतो. वाळ्याची ताटी ओली होते, पाण्याचे रेणू एकमेकांची पकड सोडून हवेत पसरतात, त्याची किंमत खोलीतल्या हवेकडून घेतात. तिथे अभिक्रिया नाही, पाणी पाणीच राहतं. पण पकड सोडवायला किंमत लागते हा नियम तोच. पकड सुटताना ऊर्जा बाहेर पडत असती, साहेब, तर नागपुरातला प्रत्येक कूलर हीटर झाला असता.

मला दुसरीही एक तक्रार करायची आहे. हल्ली प्रात्यक्षिकांच्या वह्या घरी बसून, मोबाइलवरचा व्हिडिओ बघून भरल्या जातात. निरीक्षणाच्या रकान्यात ‘परीक्षानळी गरम लागली’ असं लिहिलेलं असतं आणि मुलाने परीक्षानळी हातात धरलेलीच नसते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी तीव्र सल्फ्युरिक आम्ल विरल करायला घेतलं होतं. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, हा नियम मला पाठ होता आणि मी तो पाळलाही. फक्त घाई केली, आणि भांडं घेतलं जाड काचेचं मोजपात्र. बुडाशी टक् आवाज झाला, तळ गोल कापल्यासारखा सुटला, आम्ल ओट्यावरून वाहिलं, पॅन्टला भोकं. त्या दिवसानंतर सावकाश ओतणं आणि ढवळणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. मुलांनी आम्ल सांडावं असं मी म्हणत नाही. लिंबूसत्त्व आणि सोड्याने कुणाचं काही बिघडत नाही, एवढंच म्हणतो.

आपल्याला विनंती अशी, की येत्या रविवारच्या पुरवणीत, त्याच जागी आणि त्याच आकाराच्या चौकटीत, पुढील दुरुस्ती छापावी: ‘बंध तुटताना ऊर्जा शोषली जाते, बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते, अभिक्रियेत ऊर्जा मिळते की लागते हे या दोहोंच्या फरकावर ठरते.’ नातीने जुनं कात्रण अजून काढलेलं नाही. ती म्हणते, पेपरवाले चूक मान्य करतील तेव्हा शेजारी नवं चिकटवीन.

आणि चुना विरवताना भांडं लोखंडी घ्यावं, डोळ्यांना चष्मा लावावा, लहान मुलांना लांब ठेवावं, हेही जमल्यास छापावं. डोळ्यात उडालेला चुना फार वाईट.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
महाल, नागपूर
(नाव छापू नये. सूनबाईला बादलीचं अजून पूर्ण कळलेलं नाही.)

ता. क. – छपाईत १७८ चे १८७ होऊ देऊ नका. बेरीज जमणार नाही आणि मला पुन्हा पत्र लिहावं लागेल.